झायमेज : एका नावाचा उदयास्त

साखरेपासून मद्यार्क होताना जो फेस येतो, तो मानवास फार प्राचीन काळापासून परिचित आहे. तो कशामुळे येतो, हा वाद मात्र एकोणिसाव्या शतकाचा. लीबिगच्या मते ते केवळ रासायनिक विघटन. पाश्चरच्या मते जिवंत यीस्टचे जीवनकार्य. १८७६ मध्ये क्यूनने ग्रीकवरून ‘एन्झाइम’ हा शब्द घडविला. त्याचा अर्थ ‘किण्वात असलेले’. पण योजला तो पेशीवाचून कार्य करणाऱ्या पेप्सिनसारख्या पाचक द्रव्यांसाठी! यीस्टच्या मुख्य कार्यासच तो लागू नव्हता, हा विपर्यास नमुनेदार होय.

पाश्चरच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एदुआर्द बुखनरने यीस्ट वाळूसह खलून त्याचा रस दाबून काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तो पेशी नसतानाही फसफसू लागला. त्यातील कर्त्या द्रव्यास बुखनरने ‘झायमेज’ म्हटले. १९०७ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु झायमेज ही एक वस्तू नव्हतीच. मंदावलेले किण्वन फॉस्फेट घालताच पुन्हा वेग घेते व ते फॉस्फेट साखरेशी बद्ध होते, असे हार्डन व यंग यांस आढळले. १९२९ मध्ये लोमानने एटीपी शोधला आणि फॉस्फेटचे प्रयोजन हळूहळू स्पष्ट झाले. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येकीचे विकर निराळे. आरंभी एटीपीचे दोन रेणू खर्ची पडतात, पुढे चार मिळतात. पेशीच्या हाती उरतात ते दोन. बुखनरच्या रसात ही सारी विकरे एकत्र होती. म्हणूनच त्यास ती एक वाटली.