दुसऱ्या बाळाची चाहूल

पहिलें रडणें ऐकूं आलें कीं ओसरीवर बसलेल्या माणसांचा जीव भांड्यांत पडे. कोणी घटका-वेळ टिपून ठेवी, कोणी जोशीबुवांकडे निरोप धाडी. इतक्यांत बाळंतिणीच्या खोलीचें दार किलकिलें होई आणि सुईण म्हणे, “थांबा, अजून एक आहे!” पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण हीं गांवें ज्या काळीं कारखान्यांसाठीं नव्हे तर शेतमळ्यांसाठीं ओळखलीं जात, त्या काळीं घरांत जुळें आल्याची वार्ता बहुधा अशी दारांतूनच कळे. आनंद होई; पण त्याच क्षणीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडावर चिंताही उमटे. बाळंतविडा एकाचा, दुपटीं एकाचीं, पाळणा एक, आणि आईच्या अंगीं शक्तीही एकाच बाळापुरती उरलेली!

जुळीं मुलें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. माद्रीचे नकुल-सहदेव आणि सीतेचे लव-कुश आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. हेलिन नांवाच्या विद्वानानें १८९५ सालीं असा आडाखा मांडला कीं, सुमारें ८९ बाळंतपणांमागें एक जुळें असतें. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचें प्रमाण जगांत सर्वत्र जवळजवळ सारखेंच, हजारीं तीन-चार, आढळतें. दोन बीजांच्या जुळ्यांचें प्रमाण मात्र वंश, कुळी आणि आईचें वय यांप्रमाणें बदलतें.

मग तें आधीं कळत कां नसे? पोट मोठें दिसलें तर “मूल थोराड आहे” किंवा “दिवस मोजण्यांत चूक झाली” असें समजलें जाई. डॉक्टरांपाशीं पिनार यांच्या नांवानें ओळखलें जाणारें लांकडी शिंग असे. तें पोटाला लावून बाळाच्या काळजाचे ठोके ऐकावयाचे. परंतु दोन काळजें जवळजवळ एकाच गतीनें चालत असलीं म्हणजे कसलेला कानही फसे. क्ष-किरणांनीं उलगडा होई, पण ती सोय शहरांतील मोठ्या रुग्णालयांतच. आणि १९५६ नंतर त्या किरणांनीं पोटांतील बाळाला अपाय होतो अशी शंका बळावल्यामुळें तो उपायही मागें पडला.

न कळण्यांत खरा धोका होता. पहिलें बाळ बाहेर आल्यावर दुसरें कित्येकदां आडवें वळे. मग हात घालून त्याला सरळ करावें लागे. दोघांच्या भारानें ताणलेलें गर्भाशय नीट आकसत नसे आणि रक्तस्राव थांबत नसे. १९३५ सालीं राय नामक धान्यावरील बुरशीपासून एर्गोमेट्रिन हें औषध वेगळें काढण्यांत आलें व त्यानें हा रक्तस्राव आवरूं लागला. परंतु दुसरें बाळ आंत आहे हें ठाऊक नसतां तें औषध दिलें, तर गर्भाशय घट्ट मिटून तें बाळ आंतच कोंडलें जाई. यास्तव जाणती परिचारिका दोन नियम कधीं मोडीत नसे: पहिल्या बाळानंतर पोटावर हात ठेवून पाहावें, आणि नाळ दोन ठिकाणीं बांधून मगच मधोमध कापावी. कारण दोन्ही बाळांची वार एकच असली, तर मोकळ्या राहिलेल्या टोकांतून न जन्मलेल्या बाळाचें रक्त वाहून जाण्याचें भय असे.

हें केवळ आपल्याकडेच घडे असें मात्र नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हॉलंडकडे पाहावें. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशाच्या पश्चिम भागांत भयंकर उपासमार झाली. सुमारें वीस हजार माणसें दगावलीं आणि त्या दिवसांत जन्मलेलीं बाळें वजनानें हलकीं भरलीं. युद्ध संपलें, १९४६ सालीं घरोघरीं पाळणे हलूं लागले, पण शिधापत्रिका कांहीं संपली नाहीं. कॉफीवरचें नियंत्रण तर १९५२ पर्यंत टिकलें. त्या देशांत बहुतेक बाळंतपणें घरींच होत, सुईण शिकलेली असे, आणि पुढील कांहीं दिवस आईची व घराची देखभाल करण्यास एक प्रशिक्षित मदतनीस बाई घरीं येई. बाळ झालें कीं साखरेंत घोळलेली बडीशेप लावलेले टोस्ट पाहुण्यांना देत. बाळंतिणीला शेपा देणाऱ्या आपल्या आजीबाईंना ही चाल परकी वाटणार नाहीं. अशा घरांत एकाऐवजीं दोन बाळें आलीं म्हणजे मोजून मिळालेल्या कापडाचा व साबणाचा हिशेब कसा कोलमडत असेल, हें शिधावाटपाचे दिवस पाहिलेल्या आपल्याकडील कुटुंबांना सांगावयास नको.

याच सुमारास पिंपरीसही एक नवी वस्ती उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी येथें वसली. घरदार मागें सुटलेलें. जिथें लेकीचें बाळंतपण व्हावयाचें तें माहेरही मागेंच राहिलेलें. अशा जागीं बाळंतपणानंतरचा ताप म्हणजे कुटुंबावर कुऱ्हाडच. हात धुतल्यानें हा सूतिकाज्वर टळतो हें व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यांनीं १८४७ सालींच दाखविलें होतें. परंतु एकदां जडलेल्या तापावर खात्रीचा इलाज नव्हता. १९३५ नंतर सल्फा औषधें आलीं व पुढें पेनिसिलीन आलें. आडव्या आलेल्या दुसऱ्या बाळासाठीं हात घालावा लागलेल्या आईला या औषधाचा केवढा आधार!

पेनिसिलीनची गोष्ट हॉलंड आणि पिंपरी या दोहोंना स्पर्श करते. जर्मन अंमल असतांना डेल्फ्ट येथील यीस्ट व मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांतील संशोधकांनीं गुप्तपणें पेनिसिलीन तयार केलें आणि कोणास संशय येऊं नये म्हणून त्याला ‘बॅसिनॉल’ असें नांव दिलें. इकडे, युरोपांतील युद्धग्रस्त मुलांसाठीं १९४६ सालीं स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनें तंत्रज्ञान पुरविलें, आणि १९५४ सालीं पिंपरीस सरकारी मालकीची ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ ही संस्था उभी राहिली. १९५५ सालीं उत्पादन सुरू झालें. या पट्ट्यांत मोटारींचे व दुचाकींचे मोठे कारखाने येण्यापूर्वींच येथें औषध बनूं लागलें होतें, हें विसरतां कामा नये.

राहिला प्रश्न आधीं कळण्याचा. त्याचें उत्तर दवाखान्यांत नव्हे, लोखंडाच्या कारखान्यांत सांपडलें. धातूच्या आंतील चीर शोधण्यासाठीं कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरीत. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनीं १९५५ सालीं बॉयलर बनविणाऱ्या कारखान्यांत जाऊन तें यंत्र शरीरांतून काढलेल्या गांठींवर चालवून पाहिलें, आणि १९५८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीच पुढें सोनोग्राफी झाली. ओतीव भागांतील दोष पाहणाऱ्या विद्येनें आईच्या पोटांतील दोन काळजें पडद्यावर दाखविलीं. दुसऱ्या बाळाची चाहूल आतां तिसऱ्या महिन्याच्या आंत लागते.

परंतु या डोळ्याचा दुरुपयोगही झाला. पोटांत किती बाळें आहेत हें पाहण्याऐवजीं मुलगी आहे काय, हें लोक पाहूं लागले. यावर कायदा करणारें पहिलें राज्य महाराष्ट्र होय, तें १९८८ सालीं. देशाचा कायदा १९९४ सालीं झाला व १९९६ च्या जानेवारींत अमलांत आला. जें दार “अजून एक आहे” असें सांगण्यास उघडत असे, तेंच दार कांहीं घरांनीं येऊं घातलेल्या मुलीच्या तोंडावर लावलें, ही या इतिहासांतील लाजिरवाणी बाजू आहे.

आज चाकणच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत, मराठवाड्यांतून किंवा बिहारमधून आलेल्या कामगार दांपत्याला जुळें होणार हें महिनोन्‌महिने आधीं ठाऊक असतें. मात्र ओसरीवरचीं माणसें तेथें नसतात. आजी गांवीं, मावशी गांवीं. जुळीं बाळें पुष्कळदां दिवस भरण्यापूर्वीं येतात, वजनानें हलकीं असतात आणि त्यांना ऊब लागते. कोलंबियांतील बोगोटा येथें १९७८ च्या सुमारास, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां, डॉक्टरांनीं अशीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. आज ती आपल्या रुग्णालयांतूनही शिकविली जाते. बापानेंही बाळ असेंच छातीशीं धरावें, असें परिचारिका आतां सांगतात. रात्रपाळी करून आलेला बाप अंग धुऊन, सदरा उतरून भिंतीशीं टेकून बसतो. एक बाळ आईपाशीं असतें, दुसरें त्याच्या छातीवर निजतें.