मूर, सॅम

(१२ ऑक्टोबर १९३५ – १० जानेवारी २०२५). अमेरिकन सोल गायक. ‘सॅम अँड डेव्ह’ या जोडीतला वरच्या पट्टीचा आवाज. जन्म फ्लॉरिडातील मायामीचा. चर्चमधल्या गॉस्पेल गायनात त्याचा गळा तयार झाला. १९६१ मध्ये मायामीच्या किंग ऑफ हार्ट्स क्लबात जॉर्जियाहून आलेल्या डेव्ह प्रेटरशी त्याची जोडी जमली. अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने दोघांना करारबद्ध करून मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओकडे सोपवले. तिथे आयझॅक हेज व डेव्हिड पोर्टर यांनी त्यांच्यासाठी लिहिलेली ‘होल्ड ऑन, आयॅम कमिन’ (१९६६) आणि ‘सोल मॅन’ (१९६७) ही दोन्ही गाणी ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, दुसऱ्याला ग्रॅमीही मिळाले.

मूरला बहुधा जोडीचा खरा गायक आणि प्रेटरला साथीदार मानले जाते. मूरचा गळा अधिक तयारीचा होता, हे खरेच. पण या गाण्यांची ताकद चर्चमधून आलेल्या सवाल-जवाबात आहे. मूरचा ताणलेला स्वर चढत जातो तो प्रेटरचा जाडसर आवाज त्याला खालून अडवतो म्हणून. समोरचा जवाब काढला तर सवाल नुसता ओरडा उरेल. मग सारे श्रेय हेज-पोर्टर आणि स्टॅक्सच्या वादकांचेच का नाही, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: १९६८ मध्ये स्टॅक्स-अटलांटिक संबंध तुटल्यावर जोडीचे यश ओसरले. तरी त्याच लेखकांची, त्याच वादकांची गाणी स्टॅक्सचे इतर गायकही गात होते. हा दुहेरी जोर त्यांच्यात नव्हता. मूरच्या एकल कारकिर्दीवरून मात्र निष्कर्ष काढताना जपून राहावे. त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमचा निर्माता किंग कर्टिस याची १९७१ मध्ये हत्या झाली आणि ते ध्वनिमुद्रण २००२ पर्यंत पडून राहिले. मधली कित्येक वर्षे हेरॉइनने खाल्ली. म्हणजे एकट्या मूरची परीक्षा ऐन उमेदीत झालीच नाही. विशेष हे की, मंचाबाहेर दोघांनी वर्षानुवर्षे अबोला धरला होता, तरी १९८१ अखेरपर्यंत, मध्ये खंड पडत का होईना, ते एकत्र गात राहिले. जोडी स्नेहावर नव्हे, आवाजांच्या गरजेवर उभी होती. प्रेटर १९८८ मध्ये मोटार अपघातात गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९९२ मध्ये मूरला एकट्याला नव्हे, तर जोडीलाच स्थान दिले.