धक्का कोणाचा, वारसा कोणाचा?

वारसा म्हटला की आपल्यापुढे किल्ले, राजवाडे आणि देवळे उभी केली जातात. अशा वेळी माल चढवण्या-उतरवण्याचा एक धक्का वारसा ठरतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. लंडनजवळ डॅगनहॅमला थेम्सच्या काठची दलदल १८८७ साली सॅम्युअल विल्यम्स यांनी घेऊन गोदी उभारली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बांधलेला सळई-काँक्रीटचा चार नंबरचा धक्का आज इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंत मोडतो.

लाकडी खांब पाण्यात कुजत. नुसते काँक्रीट दाब सोसते, पण ताणाने तडकते. फ्रान्समधल्या हेनेबिक यांनी १८९२ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत खांब, तुळया आणि स्लॅब सळयांनी एकसंध बांधले जात. ब्रिटनमधली या पद्धतीची पहिली मोठी इमारत, स्वान्सीची पिठाची गिरणी (१८९७), १९८४ साली पाडली गेली. म्हणून उरलेल्या बांधकामांचे मोल वाढते.

परंतु अशा इतिहासात नाव राहते ते पेटंटवाल्याचे आणि मालकाचे. खांब ठोकणारा, ओझी वाहणारा कामगार निनावीच राहतो.

आपल्याकडे तर जातीचाही पडदा आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. गिरणीची चिमणी जपली, तरी ती हे सांगणार नाही. ते आपणच लिहिले पाहिजे.