लाल डबी

नातवाला गिटारसाठी जुना कॉम्प्रेसर पेडल घ्यायचाय, पहिल्या पगारातून. परवा फोटो दाखवून म्हणाला, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, सांग बघू, ही खरी जुनी का?" गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी बसले शोधत.

डबी अमेरिकेतल्या रॉचेस्टरची. एमएक्सआर कंपनीची १९७० च्या दशकातली 'डायना कॉम्प'. आत आरसीएची सीए३०८० चिप, वर दोनच बटणं. तार जोरात छेडली तर आवाज दाबायचा, विरू लागला की उचलून धरायचा. आम्ही वर्गात दुसरं काय करत होतो? फक्त इथे मागची खरखरही उचलली जाते!

सुरुवातीच्या डब्यांवर नाव वळणदार अक्षरात, नंतर ठोकळ्या अक्षरात. वळणदार अक्षराला भाव फार. पण त्यांना ना दिवा, ना अडॅप्टरची सोय, नुसती बॅटरी. कंपनी १९८४ मध्ये बंद पडली, १९८७ मध्ये नाव डनलॉपने घेतलं, आणि वळणदार अक्षराच्या नव्या डब्याही निघाल्या. म्हणजे नुसत्या अक्षरावर जायचं नाही. झाकण उघडून बघायचं, नवी शेजारी ठेवून वाजवायची. फरक कानाला कळला तरच जादा पैसे.

विकणारा पुण्यातलाच आहे. रविवारी मीही जाणार आहे, चष्मा घेऊन.