तिरुपूरचा होजिअरी उद्योग आणि नोय्यल नदी : अंतर्वस्त्रनिर्मितीचा पर्यावरणीय इतिहास

प्रस्तावना

भारतीय वस्त्रोद्योगाचा इतिहास प्रामुख्याने कापूस, सूतगिरण्या, हातमाग आणि गिरणी कामगार यांच्याभोवती लिहिला गेला आहे. अंगाला लागून असणारे आणि म्हणूनच दृष्टीआड राहणारे वस्त्र, म्हणजे बनियन, चड्डी व इतर अंतर्वस्त्रे, या इतिहासात क्वचितच डोकावतात. वास्तविक मराठी घरांत आजही ऐकू येणारा ‘गंजिफ्रॉक’ हा शब्द इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या नावावरून आला आहे. तेथील खलाशांचा विणलेला अंगरखा वसाहतकाळात भारतात पोहोचला आणि शब्दही त्याच्याबरोबर रुजला. या वस्त्राच्या उत्पादनाचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुपूर होय. अंतर्वस्त्र उद्योगातील ‘शाश्वतता’ हा शब्द अलीकडे नाममुद्रांच्या जाहिरातींतून व कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून वाचावयास मिळतो. परंतु तिरुपूरपुरते बोलावयाचे तर या शब्दाला अर्थ प्राप्त करून दिला तो न्यायालयात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी. प्रस्तुत लेखात त्याच प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

पांढऱ्या बनियनचा काळ

नोय्यल नदी कोइमतूरच्या पश्चिमेस वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावते, कोइमतूर व तिरुपूर या शहरांना स्पर्श करीत पूर्वेकडे वाहते आणि करूर जिल्ह्यात कावेरीस मिळते. हा कोंगू प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. येथील शेती विहिरींच्या बळावर उभी राहिली. तिरुपूर ही मूळची कापसाची बाजारपेठ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात तेथे विणाई यंत्रे आली. कोलकाता हे होजिअरीचे जुने केंद्र असले तरी तिरुपूरने हळूहळू देशी बाजारात आपले स्थान निर्माण केले. १९७० च्या दशकापर्यंत येथे मुख्यत्वे पांढरे सुती बनियन आणि अंतर्वस्त्रेच तयार होत असत.

या कारखान्यांचे मालक कोण होते, हा प्रश्न पुढील संघर्षाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शरद चारी यांनी ‘फ्रॅटर्नल कॅपिटल’ (२००४) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तिरुपूरच्या मालकवर्गाचा मोठा भाग गौंडर शेतकरी कुटुंबांतून आलेला होता. त्यांपैकी अनेकांनी प्रथम यंत्रावर मजूर म्हणून काम केले, नंतर भागीदारीत कारखाने काढले. आपले भांडवल म्हणजे आपले कष्ट, अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. नदीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी पुढे खारावल्या तेही याच प्रदेशातील शेतकरी होते. त्यामुळे या प्रकरणाकडे ‘उद्योगपती विरुद्ध शेतकरी’ अशा ठोकळेबाज पद्धतीने पाहता येत नाही.

पांढऱ्या बनियनचा काळ पूर्णतः निर्दोष होता असेही नाही. सुती कापड पांढरे करण्यासाठी ब्लिचिंग पावडर वापरली जाई आणि ते पाणी नदीतच सोडले जाई. मात्र उत्पादनाचे प्रमाण मर्यादित असल्याने त्याची झळ ठळकपणे जाणवली नाही.

निर्यात, रंग आणि मीठ

१९७८ मध्ये अँटोनियो व्हेरोना हा इटालियन आयातदार मुंबईच्या निर्यातदारांमार्फत तिरुपूरला आला आणि त्याने पांढऱ्या टी-शर्टची मागणी नोंदविली, हा तिरुपूरच्या निर्यातीचा प्रारंभ मानला जातो. १९८१ मध्ये सी अँड ए ही युरोपीय विक्रीसंस्था येथे खरेदी करू लागली. १९९० मध्ये तिरुपूर निर्यातदार संघाची स्थापना झाली. परदेशी ग्राहकाला मात्र केवळ पांढरा माल नको होता. त्याला रंग हवे होते, तेही हंगामागणिक बदलणारे. येथेच नदीचे दैव फिरले.

सुती कापडावर पक्का रंग बसविण्यासाठी जी रिअॅक्टिव्ह रंगद्रव्ये वापरतात त्यांना कापसाकडे ढकलण्यासाठी रंगाच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर मीठ घालावे लागते. रंग बराचसा कापडात राहतो. मीठ मात्र जसेच्या तसे सांडपाण्यात उतरते. शिवाय जुन्या ‘विंच’ यंत्रांना पाणीही फार लागे. चुना व फेरस सल्फेट घालून पाण्याचा रंग काढता येतो, पण मीठ काढता येत नाही. डोळ्यांना निवळ दिसणारे पाणीही म्हणूनच पिकाला मारक ठरत असे. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम ठरविण्यात आली होती. ती पाळणे या प्रक्रियेने शक्यच नव्हते. १९९० च्या दशकात उभारलेली सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे याच कारणाने अपुरी पडली. कारखान्यांच्या सचोटीइतकाच हा रसायनशास्त्राचाही प्रश्न होता, ही बाब या विषयावरील चर्चेत अनेकदा दुर्लक्षित राहते.

भूजल खारावल्यावर कारखान्यांनी आसपासच्या गावांतील विहिरींचे गोडे पाणी टँकरने विकत आणण्यास सुरुवात केली. काही शेतकऱ्यांना पिकापेक्षा पाणी विकणे परवडू लागले. एकाच नदीखोऱ्यात एक शेतकरी कारखान्याला पाणी विकत होता आणि दुसरा त्याच कारखान्याच्या पाण्याने नागवला जात होता.

ओरत्तुपाळयम धरण

तिरुपूरच्या खालच्या बाजूस नोय्यलवर १९९२ च्या सुमारास ओरत्तुपाळयम येथे धरण बांधण्यात आले. त्यासाठी १६ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तत्कालीन पेरियार (आजचा ईरोड) जिल्हा आणि करूर परिसरातील सुमारे १० हजार एकर क्षेत्र भिजविणे हा त्याचा हेतू. परंतु पावसाळ्याचे दिवस सोडल्यास नदीत स्वतःचे पाणी फारसे नव्हते. कोइमतूरचे मैलापाणी आणि तिरुपूरचे रंगपाणी हाच तिचा बारमाही प्रवाह होता. धरणाने तोच साठविला. काही वर्षांतच लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांवर ‘आमच्या पाटांना हे पाणी सोडू नका’ असे सांगण्याची वेळ आली. स्वतंत्र भारतातील सिंचनाच्या इतिहासात याहून विपरीत प्रसंग शोधूनही सापडणे कठीण आहे.

न्यायालयीन लढा

करूर भागातील शेतकऱ्यांनी १९९६ पासूनच मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पुढे नोय्यल नदी लाभक्षेत्रधारकांच्या संरक्षण संघटनेने २००३ मध्ये याचिका दाखल केली. दरम्यान निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरणहानी प्राधिकरणाने ६८ गावांतील २८ हजारांहून अधिक शेतकऱ्यांसाठी सुमारे २५ कोटी रुपयांची भरपाई निश्चित केली. भागाकार केल्यास ही रक्कम सरासरीने प्रत्येकी नऊ हजार रुपयांहूनही कमी भरते. खारावलेल्या विहिरीची किंमत एवढीच काय, असा प्रश्न कोणासही पडावा.

२२ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने शून्य सांडपाणी विसर्गाची यंत्रणा उभारण्यासाठी ३१ जुलै २००७ ही मुदत दिली आणि तोपर्यंत सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर लिटरमागे ६ पैशांपासून चढता दंड बसविला. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑक्टोबर २००९ च्या निकालात ‘प्रदूषकानेच किंमत मोजावी’ या तत्त्वाचा पुनरुच्चार झाला आणि उद्योगाला दिलासा मिळाला नाही. तरीही विसर्ग थांबला नाही. अखेर २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने तिरुपूरमधील सातशेहून अधिक रंगणी व ब्लिचिंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. वीजजोड तोडले गेले. शिलाई व विणाई कारखान्यांना रंगीत कापड मिळेनासे झाले आणि कामगारांच्या हातचे काम गेले. याचिकेच्या कागदपत्रांत या कामगारांना स्थान नव्हते. ते कोणत्याच बाजूचे पक्षकार नव्हते.

शून्य विसर्गानंतर

पुढील काळात राज्य सरकारच्या बिनव्याजी कर्जाच्या साहाय्याने प्रक्रिया केंद्रे नव्याने उभी राहिली. उलट परासरणाने पाणी शुद्ध करून पुन्हा रंगकामासाठी वापरणे, उरलेले क्षारयुक्त पाणी आटविणे आणि शक्य तेथे तेच मिठाचे पाणी पुन्हा रंगाच्या यंत्रात घालणे, ही पद्धत तिरुपूरमध्ये रूढ झाली. कमी पाण्यावर चालणारी ‘सॉफ्ट फ्लो’ यंत्रे आली. आज तिरुपूरचे निर्यातदार परदेशी ग्राहकांसमोर पाण्याचा पुनर्वापर व पवनऊर्जा यांचा अभिमानाने उल्लेख करतात आणि तो अनाठायी नाही. मात्र या अभिमानाच्या कथनात २००३ च्या याचिकाकर्त्यांचे नाव सहसा येत नाही.

या बदलाची किंमतही नोंदविणे आवश्यक आहे. पाणी आटविण्यासाठी वीज आणि वाफ मोठ्या प्रमाणावर लागते. म्हणजे नदीवरचा भार काही अंशी इंधनावर गेला. २०११ नंतर काही रंगकाम लगतच्या जिल्ह्यांत, जेथे देखरेख सैल होती तेथे, सरकले. देशी बाजारातील स्वस्त बनियन व चड्ड्यांना तर परदेशी ग्राहकाची तपासणी कधीच लागू नव्हती. प्रक्रियेच्या खर्चाचा वाटा त्यांच्या किमतीत मिळविण्याची तयारी ना विक्रेत्याची होती, ना ग्राहकाची. आणि आटविलेल्या पाण्याच्या तळाशी उरणारे मिश्र मीठ, ज्यात रंगाचे अंश असतात, ते ना विकता येते ना नदीत टाकता येते. प्रक्रिया केंद्रांच्या आवारात छपराखाली त्याच्या गोण्यांची थप्पी लागलेली असते.