माया नगरे का ओस पडली?

मेक्सिकोतील टोनिना येथील एका शिलास्तंभावर कोरलेली तिथी आपल्या इसवी सन ९०९ शी जुळते. माया लोकांच्या दीर्घ कालगणनेतील ही शेवटची ज्ञात तिथी. ग्वाटेमालातील तिकाल या महानगरात तर ८६९ नंतरचा तिथी कोरलेला एकही स्तंभ सापडलेला नाही. ज्यांनी शून्याचा वापर केला, शुक्राच्या उदयास्ताचे गणित मांडले, त्यांची दक्षिणेकडील नगरे शंभर-सव्वाशे वर्षांत ओस पडली. असे का व्हावे?

विद्वानांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. एरिक थॉम्प्सन या इंग्रज संशोधकांना माया लोक शांतताप्रिय वाटत. राजे व पुरोहित यांच्या ओझ्याखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड करून सत्ता उलथून टाकली, असे त्यांचे मत होते. पुढे शिलालेख वाचता येऊ लागले आणि शांततेचे हे चित्र पुसले गेले. लेखांत लढाया आणि बंदिवान राजे यांचे उल्लेख पदोपदी आढळले. अग्वातेका येथे ८१० च्या सुमारास शत्रूने आग लावली, तेव्हा लोक भांडीकुंडी तशीच टाकून पळाले, हे उत्खननात दिसून आले. तिसरा पक्ष म्हणतो की, लोकसंख्या वाढली, मक्याच्या शेतीसाठी अरण्ये तुटली आणि जमिनीचा कस गेला.

चौथा पक्ष अवर्षणाचा. युकातानमधील चिचानकानाब सरोवराच्या तळाचा गाळ तपासून डेव्हिड होडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरोवर आटले की तळाशी जिप्सम साचते. ८०० ते १००० या काळातील गाळात ते विपुल आढळले. हा पुरावा भक्कम आहे. तथापि उत्तर युकातान मुळातच अधिक कोरडा असून चिचेन इत्सा हे नगर तेथे त्याच सुमारास भरभराटीस आले. मग केवळ दुष्काळाला दोष कसा द्यावा?

आम्हांला वाटते, ही कारणे परस्परांची वैरी नाहीत. माया राजा हा देव व प्रजा यांच्यातील दुवा मानला जाई. पाऊस लांबला, कणगी रिकामी झाली आणि राजे मात्र लढाया व स्मारके यांत गुंतलेले राहिले, तर प्रजेचा विश्वास उडणारच. अवर्षण निसर्गाने आणले. त्याचा विनाश होऊ देणे हे बऱ्याच अंशी माणसांचे काम होते.

या विषयावर लिहिताना आम्हा कॅथलिकांना एक कबुली द्यावी लागते. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी मूर्तींबरोबर माया ग्रंथांचीही होळी केली. आज असे चारच ग्रंथ उरले आहेत. जळालेल्या ग्रंथांत नगरांच्या ऱ्हासाची हकीकत होती की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दैवाचा खेळ असा की, त्याच लांदांनी नोंदवून ठेवलेल्या चिन्हांच्या आधारे रशियन पंडित युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ साली माया लिपीच्या वाचनाची वाट दाखवली.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. नगरे ओस पडली. माया लोक नाहीसे झाले नाहीत. मेक्सिको व ग्वाटेमालात आजही लक्षावधी माया राहतात आणि त्यांतील अनेक जण आपल्याच ख्रिस्तसभेचे सभासद आहेत. ग्वाटेमालातील १९६० ते १९९६ च्या यादवीत मारले गेलेले बहुसंख्य लोक माया होते. त्यांच्या हजारो साक्षी गोळा करून बिशप हुआन हेरार्दी यांनी २४ एप्रिल १९९८ रोजी अहवाल प्रसिद्ध केला. दोनच दिवसांनी त्यांची हत्या झाली.

एका धर्मगुरूने या लोकांचे ग्रंथ जाळले. दुसऱ्याने त्यांची साक्ष लिहून ठेवली आणि त्यापायी प्राण दिले. दोघेही आपलेच. माया इतिहास वाचताना दोघांचेही स्मरण ठेवणे हे आम्ही आपले कर्तव्य मानतो.