अंबावहिनी बोलली, आता आपण बोलू

आज गोष्ट एका लेखकाची, आणि त्याच्यानिमित्ताने आपल्या गावांची. लेखकाचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. सगळे त्यांना गोनीदा म्हणायचे. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे आणि ज्यांच्या कथा सिनेमाच्या पडद्यावर गेल्या असे हे लेखक. त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातल्या परतवाड्याला झाला.

सातवीत असताना गोनीदांनी शाळा आणि घर सोडलं. गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, आळंदीला शिकले, नर्मदेची परिक्रमा केली. गडकिल्ले तर आयुष्यभर पायी तुडवले. शेवटी ते तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. शिक्षणाचा कागद हातात नव्हता, पण माणसांचं बोलणं कानात साठवायची विद्या होती. लिहायला बसले तेव्हा तीच कामाला आली.

शिवाजी महाराजांच्या काळावर त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या: ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंझार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’. इतिहासाची पुस्तकं म्हटली की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. गोनीदांनी लक्ष दिलं ते साध्या माणसांकडे. बखरीत ज्यांची नावं येत नाहीत, त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं असेल, हे त्यांनी सांगितलं. आपल्या अंजनवेलच्या गोपाळगडाचंच बघा ना. तो आदिलशाहीचा होता, सिद्दीचा होता, मग तुळाजी आंग्र्यांनी घेतला, हे पुस्तकात मिळतं. पण तिथले दगड कोणी वाहिले आणि शिबंदीच्या भाकऱ्या कोणी भाजल्या, हे कुठे लिहिलेलं सापडायचं नाही.

त्यांच्या गोष्टी सिनेमावाल्यांनाही भावल्या. ‘पवनाकाठचा धोंडी’वर १९६६ साली चित्रपट आला. १९७७ साली जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’ केला. ठाकर समाजातल्या नाग्या आणि चिंधीची ही गोष्ट. त्यातली स्मिता पाटीलची चिंधी अजून कित्येकींना आठवत असेल. गाडगे महाराजांच्या जीवनावरच्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटामागेही गोनीदांचंच लेखन होतं. ज्या बाबांबरोबर ते लहानपणी राहिले, त्यांनाच त्यांनी लोकांसमोर आणलं. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १ जून १९९८ रोजी ते गेले.

आपल्या कोकणावर त्यांनी दोन मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या. एक ‘शितू’. लहानपणीच कपाळ पांढरं झालेल्या मुलीची ही कथा. गाव तिला अपशकुनी म्हणतं, आणि लेखक तिलाच गोष्टीच्या मध्यभागी उभी करतो. दुसरी १९५५ सालची ‘पडघवली’. ही सगळी कथा अंबा नावाची बाई सांगते. ती खोतांच्या घरात लग्न होऊन आली. तिच्या डोळ्यांदेखत गाव उतरणीला लागतो. माणसं मुंबईची वाट धरतात, घरं ओस पडतात. हे ती सांगते आपल्या कोकणी बायकांच्या बोलीत, जशी माजघरात भाजी निवडताना सांगावी तशी. एका पुरुषाने गावाचा इतिहास लिहायला घेतला आणि सांगायला बसवलं बाईला. कारण घरात कोण आलं, कोण गेलं, कुठलं झाड कोणी लावलं, हे तिलाच ठाऊक असतं.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट ध्यानात घेऊ. अंबावहिनी खोतांच्या घरातली. तिने गाव पाहिला तो खोतांच्या ओटीवरून. रत्नागिरी जिल्ह्यात खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. जमीन कसायची कुळांनी, आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताकडे. वर वेठही करावी लागे. याविरुद्ध कोकणात मोठी चळवळ झाली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. शेवटी खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. म्हणजे ‘पडघवली’ आली तेव्हा खोती जाऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती.

तेव्हा खोतांच्या घरात जी पडझड वाटली, ती कुळाच्या घरात सुटका वाटली असेल. गाव एकच, पण दोन घरांतल्या दोन बायकांनी तो दोन तऱ्हांनी पाहिला. अंबेची गोष्ट खरीच आहे. पण तिच्याच खळ्यात भात झोडणाऱ्या बाईची गोष्ट कोणी लिहिली? तिचा घरवाला गिरणीत गेला, मनीऑर्डरची वाट बघत तिने नाचणी पेरली, पोरं वाढवली, सासू-सासरे सांभाळले. कोकण चाललं ते अशा बायकांच्या जिवावर. त्यांचं नाव सातबारावरही क्वचितच लागलं.

आजही गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात, आणि चाकरमानी परत गेले की कुलूप लागतं. घराला कुलूप लागलं तर किल्ली तरी असते. आजी गेली की तिच्याबरोबर गेलेली हकिकत कुठल्या किल्लीने उघडायची?

म्हणून बचतगटाच्या दर बैठकीत एवढं करू या. हिशेब झाला की वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला बोलतं करायचं. लग्न होऊन आलीस तेव्हा जमीन कोणाची होती? खोताला काय द्यावं लागायचं? कूळकायद्यात जमीन मिळाली का, आणि कोणाच्या नावावर झाली? मुंबईला पहिलं कोण गेलं? दुष्काळात काय शिजवलंत? एकीने विचारायचं, दुसरीने वहीत उतरवायचं, जसं बोलली तसंच. शुद्ध-अशुद्ध बघायचं नाही. गोनीदांनी तरी कुठे पाहिलं! खोतांच्या वाड्यातली, कुळाच्या घरातली, बौद्धवाडीतली, कोळीवाड्यातली आणि मोहल्ल्यातली, सगळ्यांची वही एकच असू दे.

‘पडघवली’ तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. एकीने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. आणि वाचून झाली की आपल्या वहीचं पहिलं पान काढायचं.